वेबसाईटचं काम हातात घेताय? कोड उघडायच्या आधी एवढं करा

आपल्याकडं वेबसाईटची कामं कोडमुळं अडकत नाहीत. वर्डप्रेस येणारी, रिॲक्ट येणारी पोरं आता लातूर-नांदेडातबी गल्लोगल्ली सापडतील. काम अडकतं ते फोटो आले नाहीत म्हणून, मजकूर कोण लिहिणार हे ठरलंच नाही म्हणून, नाहीतर डिझाईन पास झाल्यावर मालकाच्या पुतण्यानं येऊन "हे काय जमलं नाही" म्हणलं म्हणून. त्यामुळं इथं जे लिहितोय ते जास्त करून कोडच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल आहे. तुम्ही एकटे फ्रीलान्सिंग करत असाल किंवा दोन-चार जणांचं ऑफिस असंल, दोघांनाबी चालतंय. आणि ज्यांना स्वतःच्या धंद्याची वेबसाईट बनवून घ्यायचीय त्यांनी पण वाचा, म्हणजे समोरचा पोरगा एवढे प्रश्न का विचारायलाय ते कळंल.

पहिल्या भेटीत कलर आणि पेज किती हे विचारू नका

पहिल्या भेटीत एकच गोष्ट खोदून खोदून विचारायची, या साईटवर कोण येणार आणि येऊन काय करणार. समजा लातूरचा एक नीट-जेईईचा क्लास आहे. त्यांची साईट बघणार कोण, तर बीड, नांदेड, धाराशिवकडचे आईबाप, जे पोराला लातूरला ठेवायचं का नाही याच्या विचारात आहेत. त्यांना पायजे फी किती, हॉस्टेल जवळ आहे का, मेस कशी, मागच्या वर्षी निकाल काय, आणि एक फोन नंबर जो उचलला जातो. पण सरांना पायजे स्वतःचा मोठा फोटो असलेला स्लायडर (वरच्या बाजूला सरकत बदलणारे फोटो). दोन्ही होऊ शकतं, पण वर काय येणार हे त्या पालकांकडं बघून ठरवायचं, आणि हे सरांना पहिल्या दिवशी सांगितलं तर ते ऐकतात, डिझाईन झाल्यावर सांगितलं तर वाद होतो.

दुसरं उदाहरण घ्या, वसमतचे हळदीचे व्यापारी. काका म्हणणार, "आपली हळद ऑनलाईन टाकायची". आता याचे दोन अर्थ निघतात. एक, बाहेरगावच्या पार्टीनं साईट बघावी, विश्वास बसावा आणि फोन करावा. हे पाच-सहा पेजचं काम आहे. दुसरा अर्थ, अर्धा किलोचं पाकीट पुण्यातल्या माणसानं मोबाईलवरून मागवावं. मग त्यात पेमेंट आलं, कुरिअर आलं, स्टॉक आला, परत आलेलं पाकीट कोण घेणार ते आलं, खायची वस्तू म्हणून एफएसएसएआयचा (अन्न परवाना देणारी सरकारी संस्था) १४ आकडी नंबर आला, पाकिटावर छापायची एमआरपी-वजन ही माहिती साईटवरबी दाखवायची आली. पहिल्या कामाचा रेट सांगून दुसरं काम गळ्यात पडलं की महिने जातात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालंय, तर काका हमखास म्हणणार की तो शिक्का साईटवर मोठा लावा. लावायच्या आधी विचारा, तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीय का? जीआयचं नाव-शिक्का वापरायचा हक्क नोंदणी झालेल्यालाच असतो. अशी गोष्ट तुम्ही आधी विचारली की समोरच्याला पण वाटतं, हा माणूस नुसता डिझाईनवाला नाही.

हो म्हणणारा माणूस एकच पायजे

हे सगळ्यात अवघड आहे आपल्याकडं. दुकानाचे पैसे देणार वडील, बोलणार मोठा मुलगा, आणि पुण्याला शिकायला असलेला धाकटा रात्री साईट बघून मत देणार. संस्थेचं काम असंल तर अध्यक्ष वेगळे, सचिव वेगळे, प्राचार्य वेगळे आणि खरी माहिती असते ऑफिसातल्या क्लार्ककडं. सगळ्यांचं ऐका, पण पहिल्या भेटीतच सरळ विचारा की शेवटी मंजुरी कोणाची धरायची, आणि ते नाव कागदावर लिहा. "दादा, तुमच्या सगळ्यांच्या सूचना यांच्याकडं द्या, यांनी ओके म्हणलं की पुढं सरकू", एवढं गोड बोलून सांगितलं तर कुणाला राग येत नाही. अध्यक्षांना मात्र डिझाईन एकदा स्वतः जाऊन दाखवा, त्यांचं नाव मंजुरीत नसलं तरी दाखवा. ते शेवटच्या दिवशी पहिल्यांदा बघायला लागले तर सगळं पहिल्यापासून.

स्कोपचा कागद

दहा पानांचं प्रपोजल कोणी वाचत नाही. एक पान, फार तर दीड, आणि मराठीत. वरच्या अर्ध्यात काय काय मिळणार, खालच्या अर्ध्यात काय काय नाही. खालचा अर्धा जास्त कामाचा असतो. लोगो बनवणं यात नाही, मजकूर टाईप करणं नाही, फोटो काढणं नाही, ५० च्या वरचे प्रॉडक्ट आम्ही टाकणार नाही, डिझाईनमध्ये बदल दोन वेळा, त्याच्या पुढं वेगळा हिशोब. गुगलवर पहिल्या नंबरला आणायचं वचन तर अजिबात लिहू नका, तोंडानंबी देऊ नका.

मधीच नवीन काही निघालं, आणि निघतंच, तर नाही म्हणायचं नाही. "होतंय की, याला एवढे पैसे आणि एवढे दिवस जास्त लागतील, ओके लिहून पाठवा" असं म्हणायचं. निम्म्या मागण्या तिथंच गळून पडतात. उरलेल्या खरंच गरजेच्या असतात आणि त्याचे पैसे लोक देतात.

व्हॉट्सॲप ग्रुपशिवाय इकडं काम होत नाही, ते मान्य. पण रात्री साडेअकराला आलेल्या तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये प्रोजेक्टचा निर्णय असतो आणि महिन्यानं तो सापडत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मेल टाकायचा, "काल हे हे ठरलं, चूक असंल तर आज सांगा". चार ओळी पुरतात. पुढं वाद झाला तर हाच मेल उघडायचा.

मजकूर आणि फोटो, खरं काम इथं आहे

मजकूर हातात नसताना डिझाईन आणि कोड सुरू करणं म्हणजे पाऊस न बघता पेरणी, दुबार पेरणीचा खर्च ठरलेला. तुम्ही तीन ओळींची जागा सोडलेली असते आणि येतो संस्थेचा दोन पानी इतिहास. किंवा उलटं, "आमच्याबद्दल"मध्ये द्यायला एक ओळ नाही.

यावर उपाय साधा आहे. एक गुगल शीट करा, त्यात प्रत्येक पेजची एक ओळ, पुढं काय पायजे, कोण देणार, कधीपर्यंत, आलं का नाही. ती शीट मंजुरी देणाऱ्या माणसाला उघडी ठेवा. लाल रंगातल्या ओळी दिसल्या की फोन करून मागं लागावं लागत नाही, निदान कमी लागतं. मजकूर लिहायला कोणी नसंल तर स्वतः जाऊन अर्धा तास मोबाईलवर मालकाचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्यावरून लिहा, त्याचे पैसे वेगळे लावा. दुकान कधी सुरू झालं, माल कुठून येतो, गिऱ्हाईक कुठून येतं हे माणूस बोलताना झकास सांगतो, लिहायला बसवलं की "आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत" एवढंच निघतं.

मराठी साईट असंल तर आणखी एक खोडा आहे. गावातल्या डीटीपीवाल्याकडून जो मजकूर येतो तो श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो साईटवर पेस्ट केला की नुसती भलतीच अक्षरं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर आतून इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. कन्व्हर्टरनं युनिकोड (सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं) करून घ्या, पण तेवढ्यावर सोडू नका, रफार इकडचा तिकडं जातो, जोडाक्षरं तुटतात, "ऱ्या"चं काहीतरी भलतंच होतं. म्हणून बदललेला मजकूर क्लायंटच्याच माणसाकडून वाचून घ्या आणि वाचला म्हणून मेलवर लिहून घ्या. फॉन्ट मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी यांच्यातला कोणताही घ्या, फुकट आहेत आणि लायसनची कटकट नाही. पेजची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून सांगा, हिंदी नको, कारण काही फॉन्टमध्ये ल आणि श यांचं मराठी वळण त्यावरच येतं. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की ते दाबून छोटे होतात, मोठ्या बॅनरला लावले की फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं, नाहीतर ड्राईव्हवर टाका. गुगलवरून उचललेला फोटो कोणी दिला तर लावू नका, भांडण तुमच्या अंगावर येतं.

कॉलेजचं काम असंल तर वेगळाच प्रकार. नॅक (कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था) येणार म्हणून घाई सुरू झालेली असते आणि एक्यूएआर (नॅकला द्यायचा वार्षिक अहवाल), मिटिंगचे अहवाल, स्कॅन केलेली प्रमाणपत्रं अशा शेकडो पीडीएफ येतात, त्यातल्या निम्म्याचं नाव "स्कॅन ००१". आधी नावं ठेवायची पद्धत ठरवून द्या, वर्ष, निकष नंबर, मग विषय. आणि जुनी साईट बदलत असाल तर जुन्या लिंका मोडू नका, कारण कॉलेजनं नॅकला दिलेल्या रिपोर्टमध्ये त्याच लिंका टाकलेल्या असतात. फाईल हलवली तर ३०१ रिडायरेक्ट (जुनी लिंक दाबली की आपोआप नव्या जागी नेणारी सोय) लावाच.

पैसे आणि तारखा

ॲडव्हान्स घेतल्याशिवाय डिझाईनला हात लावू नका, ओळखीचं असलं तरी, ओळखीचं असलं तर जास्तच. मला ४०, ३०, ३० ची वाटणी बरी वाटते, ४० टक्के सुरुवातीला, ३० डिझाईन मंजूर झाल्यावर, ३० लाईव्ह करायच्या आधी. यात एक भोक आहे, शेवटचे ३० टक्के साईट लाईव्ह होण्यावर आणि लाईव्ह होणं त्यांच्या मजकुरावर. म्हणून कागदावर लिहा की आमचं काम झालं आणि मजकूर ३० दिवसांत आला नाही तर बिल काढलं जाईल, साईट मजकूर आल्यावर लाईव्ह करू. जीएसटी रेटमध्ये धरलाय का वेगळा ते आधीच स्पष्ट करा, १८ टक्के म्हणजे लहान रक्कम नाही. डोमेन (साईटचा पत्ता), होस्टिंग (साईट ठेवायची जागा), पेमेंट गेटवेचं (ऑनलाईन पैसे घेणारी सेवा) कमिशन, एसएमएस हे दरवर्षी-दरमहा लागणारे खर्च तुमच्या फीपासून वेगळे दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी "मागच्या वर्षी तर सगळे पैसे दिले होते" हे ऐकावं लागतं.

तारखा लावताना कॅलेंडर इकडचं बघा. कृषी सेवा केंद्रवाल्याला जून-जुलैत बोलायलाबी वेळ नसतो आणि पैसा उधारीत अडकलेला असतो, सोयाबीन-कापूस बाजारात आल्यावर दसरा-दिवाळीच्या आसपास हात मोकळा होतो. क्लासवाल्यांची धावपळ निकाल आणि ॲडमिशनच्या दिवसांत, त्यांची साईट त्याच्या आधी उभी पायजे. पितृपक्षात कोणी नवीन साईट सुरू करत नाही, तो पंधरवडा टेस्टिंगला धरा, मस्त शांतता मिळते. मग शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या. पाच-सहा पेजच्या साईटला महिना धरा, ऑनलाईन दुकानाला अडीच-तीन महिने. कोड कमी दिवसांत होतो, बाकी दिवस मंजुरीत जातात.

ज्या गोष्टी दुसऱ्याच्या हातात आहेत त्या पहिल्या आठवड्यात सुरू करायच्या. पेमेंट गेटवेला केवायसी लागते, पॅन, बँक खातं, आणि साईटवर प्रायव्हसी, अटी, रिफंड, डिलिव्हरी, संपर्क अशी पेज दिसायला लागतात, ती नसतील तर अर्ज परत येतो. ॲडमिशनचे एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमएस नोंदणीची व्यवस्था) नाव आणि मेसेजचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. या दोन्हीला किती दिवस लागतील ते तुमच्या हातात नसतं. आणि फॉर्ममधून लोकांचे नंबर, मुलांची माहिती घेताय तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा डोक्यात ठेवा, लागंल तेवढंच विचारा. क्लासच्या चौकशी फॉर्मवर आधार नंबर कशाला पायजे?

डोमेन कोणाच्या नावावर

क्लायंटच्या. याच्यावर जास्त बोलायची गरज नसायला पायजे, पण इकडं कितीतरी दुकानांचं डोमेन जुन्या डेव्हलपरच्या खात्यात पडून आहे आणि तो फोन उचलत नाही. खातं त्यांच्या मेलवर, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, तुम्हाला फक्त ॲक्सेस. मेल पण धंद्याच्या नावाचा नवीन काढा, सोडून जाणाऱ्या ऑपरेटरचा नको. ऑटो रिन्यू चालू करा. नवीन घेतलेलं डॉट कॉम ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडं हलवता येत नाही, त्यामुळं कुठं घ्यायचं ते आधीच नीट ठरवा.

बनवताना

इथं थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला येतंच. लाईव्ह साईटवर काम करू नका, स्टेजिंगची (लोकांना न दिसणारी कच्ची साईट) वेगळी लिंक ठेवा, तिला पासवर्ड लावा. एकटे असलात तरी गिट (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन) वापरा. दर शुक्रवारी क्लायंटला एक लिंक आणि तीन ओळी, या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय, तुमच्याकडून काय अडलंय. काहीच झालं नसंल तरी पाठवा, गप्प बसलं की समोरच्याला वाटतं पोरगा पैसे घेऊन पळाला.

टेस्टिंग तुमच्या लॅपटॉपवर आणि वायफायवर करू नका. आठ-दहा हजारवाला अँड्रॉइड फोन घ्या, मोबाईल डेटावर, जमलं तर केज-धारूरकडं जाताना नेटवर्क एक दांडी असतं तिथं उघडून बघा. पेजस्पीड इनसाईट्सवर (साईटचा वेग मोजणारं गुगलचं साधन) मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसतोय का ते पहा, गुगल तेवढंच चांगलं धरतं. जड वाटलं तर पहिला स्लायडर काढा, मग फोटो वेबपी (कमी जागेत बसणारा फोटोचा प्रकार) करा. बहुतेक वेळा एवढ्यातच काम होतं.

लाईव्हचा दिवस

मालकांना मुहूर्त पायजे असतो, दसरा नाहीतर पाडवा, आणि अध्यक्षांच्या हातानं बटण दाबायचं असतं. करा की. फक्त साईट खरी दोन-तीन दिवस आधीच गुपचूप चालू करून ठेवा, त्या दिवशी नुसता पडदा बाजूला करायचा. मुहूर्ताला डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलायला बसलात आणि हॉलमधल्या अर्ध्या मोबाईलवर जुनीच साईट दिसली तर सत्कार राहतो बाजूला. डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा म्हणजे बदल लवकर पोचतो. नेमसर्व्हर (या नोंदी जिथं ठेवलेल्या असतात तो सर्व्हर) बदलताना जुन्या एमएक्स आणि एसपीएफ या मेलच्या नोंदी आधी लिहून घ्या, नाहीतर साईट सुरू आणि ऑफिसचे मेल बंद.

मग हे बघा, एसएसएल (पत्त्यात https आणणारं सुरक्षेचं सर्टिफिकेट) लागलंय का, वर्डप्रेसमध्ये सर्च इंजिननं येऊ नये अशी जी टिक स्टेजिंगला लावलेली असते ती काढलीय का, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साईटमॅप (सगळ्या पेजची यादी) दिलाय का. चौकशीचा फॉर्म स्वतः भरून बघा आणि तो मेल कोणाच्या इनबॉक्समध्ये पडतो, तो माणूस मेल उघडतो का हे विचारा. उघडत नसंल तर व्हॉट्सॲपचं बटण मोठं करा. दुकान असंल तर खरे दहा रुपये भरून खरी ऑर्डर टाका आणि रिफंडबी करून बघा.

नंतरचं

वार्षिक देखभालीचा वेगळा कागद करा. अपडेट, बॅकअप, महिन्याला अमुक तासांचे किरकोळ बदल, एवढं त्यात. नवीन पेज, नवीन फीचर त्यात नाही. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवलाय तर तो नसल्यातच जमा आहे, दुसरीकडं ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा परत उभा करून बघा. लेट्स एनक्रिप्टचं फुकट एसएसएल सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आपोआप रिन्यू होतं असं म्हणतात पण सर्व्हर बदलला की कधी कधी होत नाही, मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवा.

हँडओव्हरला जाताना एका फाईलमध्ये सगळी खाती, रिन्यूच्या तारखा, कोणाला फोन करायचा ते लिहून न्या, पासवर्ड मात्र त्यात नको, ते त्यांच्यासमोर बदलून त्यांनाच ठेवायला सांगा. नोटीस कशी टाकायची, फोटो कसा बदलायचा याचे स्क्रीन रेकॉर्डिंग करून द्या, मराठीत बोलून, प्रत्येक कामाचं वेगळं, दोन-तीन मिनिटांचं. आणि त्यांच्या ऑपरेटरला तुमच्यासमोर एक नोटीस टाकायला बसवा, तुम्ही माऊसला हात लावायचा नाही. जिथं तो अडंल तिथला व्हिडिओ परत करा, हँडओव्हर झाला असं त्याच्यानंतरच म्हणा.